डोकं ठिकाणावर असल्याची साक्ष

मंगळवार, ४ मार्च

वही, मागच्या वेळी कुठवर आलो होतो ते तुला आठवत नसणार. दिवसभर उशीखाली लोळतेस आणि माझ्याआधी विसरतेस. मला अक्षर येत नाही, म्हणून सांगते मी आणि लिहिते नात. तिनं मधे तोंड घालायचं नाही, असं ठरलंय.

तर, तुरुंगाच्या डॉक्टरनं बोलावलं होतं. मुलगा चार महिने आत आहे. लाँड्रीत इस्त्री करायचा. मालक वाफेतून शिव्या देतो म्हणाला आणि एक दिवस तापलेली इस्त्री मालकाच्या हातावर ठेवली. डॉक्टर म्हणाला, "आजी, घरात आणखी कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात का? हा आधी कधी विचित्र वागला?"

मी ताठ बसून म्हटलं, "छे. सरळ पोरगं. डोकं अगदी ठिकाणावर."

वाटलं, आईनं चांगलं सांगितलं की लवकर सुटेल. डॉक्टरनं मान खाली घालून सगळं उतरवून घेतलं. भला माणूस वाटला.

शुक्रवार, ७ मार्च

भेटीला गेलो. जाळीपलीकडून मुलगा म्हणाला, "आई, गोळ्या बंद केल्या. नाटक करतोस म्हणतात. तुझ्या आईनंच सांगितलंय म्हणे."

त्या गोळ्यांनी त्याला जरा झोप लागत होती. आता तुरुंगाच्या दवाखान्यातून परत बराकीत, साठ जणांत. शिपाई हसून म्हणाला, "नट आहे तुमचा मुलगा."

साक्ष माझी. कुणी मारून-मुटकून घेतलेली नाही.

शनिवार, ८ मार्च

काही नाही. नात माझ्याशी बोलत नाही. लिहिते तेवढं.

सोमवार, १० मार्च

डॉक्टरच्या दारात तीन तास बाकावर. तो म्हणाला, "अहवाल गेला, आजी. आता शब्द फिरवलात तर शिकवून पाठवलं म्हणतील. जुना काही कागद आहे?"

कागद कुठला? मुलगा नववीत असताना दवाखान्यात नेलं असतं तर असता. शेजारी काय म्हणतील, म्हणून नेलं नाही. ते शेजारी कधीच घर सोडून गेले.

मंगळवार, ११ मार्च

हे नातीलाही ठाऊक नाही. हात थांबवू नकोस गं, लिही.

मलाही ऐकू येतात. लग्नाआधीपासून. दोन बायका, आपसात भांडतात, मधेच माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. सासू होती तोवर घरात तिघींचं ऐकत होते. नवऱ्याला कधी सांगितलं नाही. मुलानं एकदा विचारलं होतं, "आई, तुझ्याशीही कुणी बोलतं का?" मी म्हटलं, "अभ्यास कर."

नात रडतेय. पान भिजवू नकोस म्हणावं.

बुधवार, १२ मार्च

डॉक्टरला सांगितलं, "घरात कुणाला, असं विचारलं होतंत ना? मला. तपासा मला आणि करा कागद."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

शनिवार, २२ मार्च

आजचं अक्षर नर्सचं. मनोरुग्णालयात, बायकांच्या खोलीत, मला तपासणीसाठी ठेवून आठ दिवस झाले. माझा कागद जोडून डॉक्टरनं नवा अहवाल धाडला. काल मुलालाही इथं आणलं, पलीकडच्या कैद्यांच्या वॉर्डात. गोळ्या सुरू झाल्या. हे पान नर्स नातीकडे पोचवणार आहे. उद्या डबे दोन पाठव, पोरी. माझ्यात काहीही घाल. त्याच्यात मऊ भात आणि उकडलेली अंडी. अंडी सोलून पाठव, त्याचे हात फार थरथरतात.