व्यसनाच्या रकान्यातील खोट्या नोंदीबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
जिल्हा कर्करोग साहाय्य कक्ष, सोलापूर.

विषय : ‘व्यसन’ हा रकाना दुरुस्त करून किरणोपचारास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ३ जूनचा अर्ज व आपली त्रुटीपत्रे, एकूण तीन.

महोदय,

मी प्रदीप नागनाथ शिवशरण, वय ४७, रा. भवानी पेठ. कांद्याचे लिलाव पुकारणे हा माझा बावीस वर्षांचा धंदा. टॉन्सिलवर गाठ असून सध्या माझा आवाज शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नाही.

१) ही गाठ एचपीव्ही विषाणूची निघाली. हाच विषाणू बायकांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग करतो, तसाच घशात व गुप्तांगावरही गाठ करू शकतो, असे डॉक्टरांनी समजावले. तो शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षे गप्प राहतो, कोणाकडून कधी आला हे सांगता येत नाही. त्यावरून कोणाची चालचलणूक ठरत नाही, असेही ते म्हणाले. हे त्यांना पटते, आमच्या गल्लीला पटणार नाही.

२) म्हणून मी घरीदारी तंबाखूचे नाव सांगितले व फॉर्मवरही तेच लिहिले. वास्तविक मी सुपारीचे खांडही खाल्लेले नाही. ही माझी चूक, कबूल आहे.

३) त्यावर आपण व्यसन सोडल्याचा दाखला मागितला. नसलेले व्यसन सुटल्याचा दाखला देता येत नाही, असे व्यसनमुक्ती केंद्राने लेखी दिले. मग मी खरे कारण कळवले, तर आपल्या संगणकात ते फक्त स्त्रियांच्या यादीत आहे. आता स्त्रीरोगतज्ज्ञाचा अभिप्राय मागितला आहे. तिथे दोन तास बायकांच्या रांगेत बसलो. नर्सबाईंनी विचारले, “पेशंट कुटं हाय?” मी स्वतःकडे बोट केले. पुढचे लिहीत नाही.

४) खिडकीवर भांडायला आवाज नाही. चिठ्ठी लिहून होईपर्यंत पुढचा नंबर पुकारतात. गाठ त्रुटीपूर्ततेसाठी थांबत नाही. मी थकलो आहे, साहेब.

५) पत्नीचीही तपासणी करून घ्या, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. शरमेपोटी मी तिला सांगितले नाही. माझे अक्षर वाईट, म्हणून मी चिठ्ठ्या लिहून देतो व हा अर्ज ती उतरवते आहे. पहिल्या कलमाशी ती थांबली, मग पुढे उतरवू लागली. आत्ता तिने विचारले, “चार महिनं झालं की. मला का न्हाय सांगितलं?” पुढची चिठ्ठी मी तिच्या तपासणीच्या तारखेची लिहून दिली.

तरी मला मंजुरी व तिला तपासणीची तारीख द्यावी, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
प्रदीप ना. शिवशरण
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत : तपासणी अहवाल, केंद्राचे पत्र, त्रुटीपत्रे.

(मागील बाजूस)
साहेब, त्यांची सही झाल्यावर मी चैताली प्रदीप शिवशरण हे लिहिते. आधी त्यांचं बघा. मी तपासणीला येते. माझ्यात काही निघालं तर मात्र त्यांचे उपचार होईपर्यंत त्यांना कळवू नका.