डबडूचा 'परवा' आणि अर्जदाराची मिशी

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी,
नभोरंग मराठी वाहिनी,
मुंबई.

अर्जदार: किशनराव धोंडिबा सोनकांबळे, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, राहणार चिक्कडपल्ली, हैदराबाद.

विषय: 'थांबा, ग्रह आला!' या विनोदी अंतराळ मालिकेतील यंत्रमानव डबडू याने उच्चारलेल्या 'परवा' या शब्दाचा अर्थ लेखी कळवणे व तोपर्यंत अर्जदाराच्या मिशीवरील कारवाईस स्थगिती मिळणेबाबत.

संदर्भ: १) सदर मालिकेचा शेवटचा भाग. २) अर्जदाराने त्याच संध्याकाळी, भावनेच्या भरात, साक्षीदारांसमक्ष केलेले तोंडी विधान.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा जन्माने मराठी व पत्त्याने हैदराबादी असून त्याची उभी नोकरी इंग्रजी टिपणे लिहिण्यात आणि तेलुगू शेरे समजून घेण्यात गेली. मातृभाषेत रीतसर अर्ज करण्याची संधी त्यास आयुष्यात प्रथमच मिळत आहे. सबब चार शब्द जास्त झाल्यास पदरात घ्यावे. अर्जदार शाईने लिहितो व एकदा लिहिलेले खोडत नाही. या सवयीचा पुढे आपणास त्रास होण्याचा संभव आहे, त्याबद्दल आत्ताच दिलगिरी.

२. अर्जदाराच्या इमारतीतील मराठी कुटुंबे दर रविवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये जमून सदर मालिका पाहत असत. 'भरारी' हे यान, जे सुरू होताना जुन्या ऑटोसारखे खोकते; त्याच्या कप्तान घोरपडेबाई, ज्यांना डावे-उजवे कळत नाही; आणि यानाची झाडलोट करणारा डबडू, ज्याच्या नाकाखाली झाडण्यासाठी भरघोस ब्रश बसवलेला आहे, ही मंडळी आपणास ठाऊकच आहेत. दुर्दैवाने सदर ब्रश आणि अर्जदाराची मिशी यांत तसूभरही फरक नाही. परिणामी इमारतीतील पोरासोरांनी अर्जदारास 'डबडू आजोबा' म्हणण्यास सुरुवात केली. अर्जदार आधी रागावला. नंतर जिन्यात मुले भेटली की तो स्वतःहूनच "झाडू का, कप्तान?" हे डबडूचे वाक्य म्हणू लागला, हे लपवण्यात अर्थ नाही.

३. शेवटच्या भागात यान एका ओसाड ग्रहावर बंद पडले. घोरपडेबाईंनी डबडूस खाली उतरून धक्का मारण्यास सांगितले. डबडूने मारला. यान चालू झाले आणि धक्का मारणारा खालीच राहून गेला. आपल्या गाडीला धक्का मारणाऱ्याला विसरून जाणे ही माणसाची जुनी खोड आहे, पण ती अंतराळात दाखवून आपल्या वाहिनीने आमच्या काळजाला घरे पाडली. डबडूने हात हलवला, "मी परवा येतो" एवढेच म्हटले, आणि मालिका संपली. हॉलमध्ये कोणी उठेना. आयुष्यभर वरिष्ठांच्या फायलींना धक्का मारणाऱ्या अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. त्या अवस्थेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "परवा डबडू आला नाही तर मिशी उतरवीन."

४. हे विधान म्हणजे बोलण्याची एक पद्धत होती. तथापि पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेले शेजारी सारंग व त्यांच्या पत्नी मानसी यांनी ते शब्दशः धरले. मानसीबाईंच्या हातात त्या वेळी फोन होता आणि फोन चालू होता. सारंग यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देणे योग्य: "काका, परवा म्हणजे परवा. आज रविवार, परवा मंगळवार. यात चर्चा कसली?" मंगळवारी आपल्या वाहिनीने त्या वेळेला लोणच्यांची स्पर्धा दाखवली. डबडू आला नाही. कैरीचे लोणचे पहिले आले.

५. येथे अर्जदाराची मूळ तक्रार सुरू होते. महोदय, हैदराबादेत 'परसों' म्हटले की काल सोडून मागचा कोणताही दिवस चालतो. अर्जदाराचे लग्न परवा झाले, नोकरी परवा संपली आणि चारमिनारही परवाच उभा राहिला. इथल्या दखनी बोलीतला हा सैलपणा आमच्या मराठीत उतरला आणि आम्ही तो पुढच्या दिवसांनाही लावून टाकला. नळवाला परवा येतो, भाडेकरू घर परवा सोडतो, अर्जदाराचा मुलगा प्रबुद्ध गच्चीबावलीहून परवा येतो. यात कोणी खोटे बोलत नाही, फक्त तारीख सांगत नाही. अर्जदाराने शपथ घेतली ती या परवाची. पुण्याचा परवा वेगळा निघेल याची त्यास पूर्वकल्पना नव्हती.

६. आता इमारतीत दोन पक्ष पडले आहेत. घट्ट परवावाले दर्शनी जिन्याने जातात, सैल परवावाले मागच्या. दुसऱ्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिका मेधाताई यांनी तिसरा पक्ष काढला असून त्यांच्या मते डबडू 'परवा' म्हणालाच नाही, 'दुसऱ्या पर्वात येतो' म्हणत असताना यानाचे दार लागले. हा पक्ष एकट्या मेधाताईंचाच आहे, पण आवाज तिघांना पुरून उरतो.

७. मानसीबाईंनी अर्जदाराच्या शपथेची चित्रफीत चाहत्यांच्या गटात टाकली आणि प्रकरण हाताबाहेर गेले. नांदेडहून एका अनोळखी सद्गृहस्थाने वस्तरा पाठवला. सांगलीच्या एका भगिनीने डबडू परत यावा म्हणून मिठाई सोडली असून अर्जदारानेही काही सोडावे असे सुचवले आहे. इथल्या नामपल्लीच्या वार्षिक प्रदर्शनात काही तरुण नाकाखाली ब्रश बांधून फिरले आणि दारावरच्या शिपायाने त्यांना झाडलोटवाले समजून आत फुकट सोडले. कोणीतरी संगणकावर अर्जदाराचे मिशीविना छायाचित्र तयार केले. ते अर्जदाराच्या पत्नी कोंडाबाई यांना दाखवले असता, "ह्यो कोन म्हातारा म्हनं?" असे त्यांनी विचारले. नेहमीचा न्हावी यादगिरी याने दुकानातली एक खुर्ची राखून ठेवली आहे व तिच्यावर दुसऱ्या कोणास बसू देत नाही. अर्जदाराने त्यास जाब विचारला तेव्हा 'मनावर घेऊ नका' अशा अर्थाने तो म्हणाला, "लाइट लो साब. आया तो आया, नै आया तो मैं हूँ ना." यातले 'मैं हूँ ना' अर्जदारास धमकीसारखे वाटले.

८. या गदारोळात कोंडाबाईंनी एकदाच मत दिले. त्या भाकरी थापत होत्या. अर्जदार त्यांना घट्ट परवा आणि सैल परवा यांतला भेद समजावून सांगत होता. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "डबड्याचं ऱ्हाऊ द्या. आपल्या लेकराचा परवा कोनता हाय, तेवढं सांगा." गच्चीबावली परदेशात नसून याच शहरात आहे. प्रबुद्धचा प्रत्येक फोन "परवा येतो" या शब्दांनी संपतो, आणि कोंडाबाई हैदराबादेत जन्म काढूनही तेवढ्या एका बाबतीत पुण्याचा परवा मानतात. त्या दिवशी त्या धपाटे करतात. दुसऱ्या दिवशी ते धपाटे दोघे जण चहाबरोबर खातात. अर्जदाराने याविषयी आजवर कोठेही तक्रार केलेली नाही, कारण कोणत्या कार्यालयात करावी हे त्यास कळले नाही.

९. सबब अर्जदाराची नम्र विनंती अशी की, डबडूचा परवा हा सैल परवा होता, त्यास कोणताही वार बांधलेला नव्हता, आणि म्हणून अर्जदाराची शपथ अद्याप मोडलेली नाही, असे आपल्या कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी कळवावे. सदर पत्र अर्जदार हॉलच्या दारावर डकवील. सारंग यांना ते वाचता येईल अशा उंचीवर डकवण्यात येईल.

१०. वरील परिच्छेद पूर्ण होऊन अर्जदार सही करणार, एवढ्यात फोन वाजला. फोन प्रबुद्धचा होता. तो म्हणाला, "जयभीम पप्पा. तुमचा व्हिडिओ आमच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितला, हसून हसून बेजार. मिशी खरंच काढणार का? मग त्या दिवशी मी येतो. फोनवर नको, समोर बसून बघायचंय. मम्मीला सांगा. डेट फिक्स करा, लगेच लीव टाकतो." अर्जदार फोन कानाला धरून ऐकत राहिला, कारण नेहमीचा शब्द कधी येतो याची त्यास धास्ती होती. तो शब्द आला नाही. मुलाने फोन ठेवला तो तारीख मागून. कोंडाबाईंना हे सांगितले असता त्या उठल्या आणि ज्वारीच्या डब्याचे झाकण उघडून आत पाहिले.

११. या बदललेल्या परिस्थितीत विषयातील व परिच्छेद ९ मधील विनंती अर्जदार मागे घेत आहे. खाडाखोड करणे त्याच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे ती विनंती वाचूनही न वाचल्यासारखे करावे. मिशीची अर्जदारास आता पर्वा राहिलेली नाही. ती नोकरीत असताना वाढवली, साहेबाने दोनदा हरकत घेतली तरी राखली, आणि लग्नाच्या फोटोत कोंडाबाईंच्या आधी तीच दिसते. पण केस आहेत, परत येतील. यादगिरीही तेच सांगतो.

१२. तरी नवीन विनंती येणेप्रमाणे. परवा म्हणजे पुण्याचा घट्ट परवाच, अर्जदाराची शपथ मोडलेली आहे, व त्याची मिशी उतरवण्यात यावी, असा आदेश आपण काढावा. आदेशाविना मिशी उतरवली तर ती सारंग यांच्यापुढे शरणागती होते. आदेश असल्यास तिला अंमलबजावणी म्हणता येते, आणि अंमलबजावणीत अर्जदाराने कधी कसूर केलेली नाही. आदेशात नेमका वार व तारीख नमूद करावी. शक्यतो रविवार द्यावा, म्हणजे रजा नामंजूर होण्याचा प्रश्न उरत नाही. वेळ सकाळची असावी, म्हणजे मुलगा जेवायला थांबेल. आदेशाची एक प्रत प्रबुद्धला परस्पर पाठवावी, कारण वडिलांच्या सांगण्यापेक्षा शिक्क्याच्या कागदावर आजची पिढी लवकर विश्वास ठेवते. आणि काहीही झाले तरी सदर आदेशात 'परवा' हा शब्द कोठेही वापरू नये, ही हात जोडून विनंती.

१३. डबडूच्या परतीबाबत अर्जदाराचा आता कोणताही आग्रह नाही. आपल्या सवडीने आणावे. त्याची वाट पाहायला अवघा महाराष्ट्र बसला आहे, आणि सांगलीच्या भगिनींनी तर मिठाईसुद्धा सोडली आहे. प्रबुद्धची वाट पाहणारे या घरात आम्ही दोघेच आहोत.

आदेशाच्या प्रतीक्षेत, आपला नम्र व अद्याप मिशीधारी,

(सही)
किशनराव धोंडिबा सोनकांबळे

स्थळ: चिक्कडपल्ली, हैदराबाद
दिनांक: टपालाचा शिक्का पाहावा

सोबत:
१) अर्जदाराचे मिशीसह छायाचित्र. पत्नीने ओळखलेले.
२) तेच, मिशीविना. पत्नीने न ओळखलेले.
३) नांदेडहून आलेला वस्तरा जोडलेला नाही. तो कोंडाबाईंनी धार लावून कपाटात ठेवला आहे.
४) मिशी. अंमलबजावणीनंतर स्वतंत्र टपालाने पाठवण्यात येईल. डबडूचा ब्रश झिजला असल्यास कामी यावी.