सोडलेल्या माशांची वाटणी

मी, सौ. सुनंदा श्रीरंग नाबर, वय वर्षे शहात्तर, पूर्वी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नियमांचे मसुदे तपासण्याच्या नोकरीत, हल्ली घरीच, राहणार वैशाली, गाझियाबाद, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे येते ते वयामुळे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. एकावन्न वर्षांच्या संसारात तो आणणे कोणाला जमले नाही, आता कोण आणणार? माझ्या हृदयाची एक झडप कामातून गेल्याचे डॉ. अलका बर्वे यांनी सांगितले आहे. ऑपरेशनला मी नको म्हटले. त्यावर माझ्यामागे चर्चा करत बसू नये. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात माशांचा उल्लेख राहिला होता.

ह्या कागदात 'हे' म्हणजे माझे पती श्रीरंग दत्तात्रय नाबर समजावेत. नाव घ्यायची सवय नाही आणि ह्या वयात लावून घेणार नाही.

कलम १. वैशालीचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. त्यात ह्यांनी हयातभर राहावे. ह्यांच्यानंतर तो आमची मुलगी वृंदा हिचा. जावयांनी बाल्कनी बंद करून खोली काढायचा विचार सोडून द्यावा. 'सोडणे' ह्या शब्दाशी पुढे बरीच गाठ पडणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याने सावध असावे.

कलम २. बँकेत जे असेल ते ह्यांच्या औषधपाण्याला, उरेल ते वृंदाला. बांगड्याही वृंदाला. माझी जांभळी पैठणी हेमलतावन्संना द्यावी. त्यांनी ती माझ्या लग्नातच नेसून पाहिली होती. घडीवर विरली आहे, ते आधी सांगू नये.

कलम ३. मासे कापायची विळी आणि तिरफळांची बरणी वृंदाने घ्यावी. विळी पंचवीस वर्षे वापरात नाही, पण मी दर दिवाळीला तेल लावत आले. का लावत आले, हे मला कोणी विचारले नाही.

कलम ४. मासेमारीचा रॉड आणि रीळ. ही वस्तू ह्यांची आहे असा सर्वांचा समज आहे. ती माझ्या बोनसमधून घेतलेली असून पावती माझ्या नावाची आहे. तिची व्यवस्था सांगण्याआधी हकिकत सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम वाचून लोक म्हणतील की म्हातारीचे डोके ठिकाणावर नव्हते.

आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना, १९८८ साली, माझे सासरे वारले. अस्थी घेऊन हे हरिद्वारला गेले. सोबत ह्यांचे मित्र, दिल्ली कॅन्टोन्मेंटचे सुभेदार कृष्णात मारुतराव ढेरे. आणि सोबत, मला न सांगता, रॉड. अस्थी झाल्यावर दोघे ऋषिकेशच्या वर परवाना काढून मासे धरायला बसले. बाप जाऊन महिना झाला नव्हता. असो.

घरी यायला एक दिवस उशीर होणार म्हणून सुभेदारांनी आमच्या खालच्या बंगाली शेजाऱ्यांकडे फोन केला. मी धावत खाली गेले. सुभेदार कोल्हापूरकडचे. ते ओरडून म्हणाले, "वैनी, अस्थी वेवस्थित गेल्या बघा. आन् साहेबांनी मासं सोडलं."

मी म्हटले, "काय? सोडले?"

"व्हय. दोन्ही."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे काशीला, गंगेवर गेलेला माणूस आवडीचा एक पदार्थ सोडून येतो, म्हणजे जन्मभर खात नाही. बहुतेक लोक कारले सोडतात आणि मोकळे होतात. वेंगुर्ल्याच्या माणसाने वडिलांसाठी मासे सोडायचे म्हणजे काय! आणि 'दोन्ही' म्हणजे मी समजले, गोडे आणि खारे, दोन्ही पाण्यांतले. बंगाली वहिनींच्या खांद्यावर डोके ठेवून मी रडले. सुका बांगडा आणि जवळा डब्यासकट त्यांनाच देऊन टाकला. वर येऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि मीही सोडले. मी खात राहिले असते तर घरात वास दरवळला असता आणि ह्यांचा जीव कासावीस झाला असता. दुसरे कुठलेही कारण नव्हते. गंगेचा त्यात काही संबंध नाही.

खरी गोष्ट एवढीच होती की ह्यांच्या गळाला दोन मोठे महसीर लागले होते आणि परवान्याच्या नियमाप्रमाणे ह्यांनी ते पाण्यात परत सोडले होते.

हे परत आले तेव्हा हेमलतावन्सं दारातच गळ्यात पडून म्हणाल्या, "दादा, बाबांसाठी तू केवढं केलंस!" ह्यांनी ताटातल्या भेंडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि जेवायला बसले. ह्यांनी खरे सांगितले असते तर अस्थींबरोबर रॉड कसा गेला तेही सांगावे लागले असते. त्यानंतर दर रविवारी हे कॅन्टोन्मेंटला पत्ते खेळायला जाऊ लागले. परतले की हाताला लिंबाचा वास. मी म्हणायची, सुभेदारांकडे सरबत फार करतात, नाही?

हे असे एकोणीस वर्षे चालले.

२००७ साली ह्यांच्याबरोबर नदीवर मी पहिल्यांदाच गेले. यमुनानगरच्या वर, यमुनेकाठी. सुभेदार होतेच. ह्यांच्या गळाला एक लहान मासा लागला. गळ त्याने पार आत गिळला होता, कल्ल्यांतून रक्त येत होते. ह्यांनी मोजपट्टी लावली. परवान्यावरच्या लांबीपेक्षा दोन बोटे कमी. ह्यांनी गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला. तो पोट वर करून दगडापाशी येऊन लागला. मी खाली उतरून तो उचलला. मत्स्यखात्याचा पहारेकरी काठावरच उभा होता.

"मैडम, छोटी है। वापस डालिए।"

"भैया, ये तो मर गई।"

"मरी हुई भी छोटी है।"

मी म्हटले, "तो फिर तुम ले जाओ. अन्न आहे ते. किसी के पेट में तो जाए।" तो जागचा हलला नाही. मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, सांगा ना त्याला!" हे म्हणाले, "सुनंदा, ठेव पाण्यात. नियम आहे."

मी ठेवला. तो वाहत गेला. संताप आला, आणि जास्त संताप ह्याचा आला की नियम मला पटत होता. जन्मभर मी दुसरे काय केले? 'मेलेला असल्यास ठेवता येईल' एवढी एक ओळ घातली की नदीतला प्रत्येक लहान मासा मेलेलाच सापडणार. हे कळत होते, तरी हातात मासा होता.

मग मी ह्यांना म्हटले, "लहान सोडता ते समजलं. पण मोठे? पाऊण तास त्याला ओढायचं, दमवायचं, बाहेर काढून फोटो काढायचा, आणि सोडून दिला म्हणून आपणच आपली पाठ थोपटायची. खायचा नाही तर त्याच्या तोंडात गळ कशाला?"

हे म्हणाले, "मोठी मादी असते, पोटात अंडी असतात. ती राहिली तर नदीत मासे राहतील. खायचं म्हटलं की एक जेवण होतं, सोडलं की नदी चालते."

"मग घरी बसा. नदी आणखी चालेल."

हे गळाला नवे आमिष लावू लागले. भांडण मिटवायला सुभेदार मध्ये पडले. "जाऊ द्या वैनी. साहेब सोडन्यात लई पक्कं. त्या अस्थीच्या टायमाला दोन सोडलं, त्ये काय बारकं न्हवतं. म्या फोन केल्ता न्हवं का तुमाला?"

मी विचारले, "कुठले दोन?"

सुभेदारांनी कुठले दोन ते हात पसरून दाखवले. हे रॉड आवरू लागले.

परतीच्या वाटेवर आम्ही पानिपतला थांबलो. तिथे एका ढाब्यावर हे म्हणाले, "चल, फिटलं आता. गैरसमजातलं व्रत ते, त्याला काय अर्थ? उद्या आयएनए मार्केटला जाऊ, पापलेट आणू. खा तू."

मी म्हटले, "मासा मेला होता तरी तुम्ही नियम मोडला नाहीत. माझं व्रत चुकीचं निघालं म्हणून काय झालं? सोडले ते सोडले."

ह्यांनी ताट बाजूला सारले. "ठीक आहे. मग मीही सोडले. ह्या वेळी खरे."

आणि तेव्हापासून ह्या माणसाने माशाला हात लावलेला नाही. लिंबाचा वास बंद झाला. मला वाटले होते, दोन महिन्यांत हट्ट उतरेल. वृंदा ही हकिकत ऐकून म्हणाली, "आई, मराठीत प्रॉब्लेम आहे यार. सोडले मतलब रिलीज़ किए या गिव्ह-अप किए, विचारायचं ना!" दिल्लीत वाढलेल्या पोरीला बांगडा आणि बांगडी ह्यांतला फरक सांगावा लागतो, पण त्या दिवशी तो फोन तिने घेतला असता तर बरे झाले असते.

आज ह्यांचे वय एक्याऐंशी आहे. सदरा खुंटीवर टांगावा तसा अंगावर लोंबतो. डाळ-भात अर्धा टाकतात. डॉ. बर्वे सांगून थकल्या की ह्यांना मासे द्या. हे म्हणतात, "सुनंदा खाईल त्या दिवशी खाईन." म्हणून गेल्या गणपतीनंतर मी बांगडे आणवले. स्वतः तिरफळे घालून आमटी केली, दोन पाने वाढली आणि व्रत मोडायचे ठरवून घास तोंडात घातला. तो उतरला नाही. इतक्या वर्षांत घसाच विसरला होता. मोरीत जाऊन ओकले. बाहेर आले तर ह्यांनी दोन्ही पाने झाकून ठेवली होती. मला म्हणाले, "राहू दे गं. आपण दोघं सारखेच."

म्हणजे मी जिवंत असेपर्यंत हे खाणार नाहीत. आणि मी गेल्यावर माझ्या नावाने तर नाहीच नाही. मला ह्या एकाच गोष्टीची भीती वाटते. झडपेची वाटत नाही.

तेव्हा रॉडची व्यवस्था अशी. तो सुभेदार ढेरे यांना द्यावा. त्यांचे गुडघे अजून नदीपर्यंत पोचतात. अटी: लहान मासा सोडावा, मेला तरी सोडावा. अंड्यांची मादी आणि महसीर, केवढाही असो, सोडावा. तिथे ह्यांचे म्हणणे मला मान्य आहे. नियमात बसेल त्या मापाचा रोहू मिळाला आणि घरी खाणारे तोंड असले तर ठेवावा, आणि ठेवला तर खावा. केवळ फोटोसाठी कोणालाही गळाला लावू नये. गळ काढला तरी भोक राहते.

कलम ५, आणि शेवटचे. १९८८ पासून माझ्या मृत्यूपर्यंत माझ्या वाट्याचे जे मासे मी खाल्ले नाहीत, म्हणजे पापलेट, सुरमई, बांगडे, मुडदुशी, वेंगुर्ल्याला माहेरी गेल्यावर वहिनीने वाढलेले आणि मी परत केलेले, ते सर्व माझे आहेत. ते वडिलोपार्जित नाहीत, त्यांत कोणाचा हिस्सा नाही, ते पूर्णपणे स्वकष्टार्जित आहेत. ज्यांच्यासाठी ते बाजूला ठेवले त्यांनाच, म्हणजे ह्यांना, मी ते सर्व देऊन टाकते.

माझे दिवस झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी वृंदाने बांगडे आणावेत. आमटीत कांदा घालू नये. तिरफळे ठेचून, शेवटी. ह्यांनी जेवावे, आणि पुढेही जेवत राहावे. मी खाल्ले नाही म्हणून हे खात नव्हते. आता जे खातील ते माझेच असेल. नको असेल तर रीतसर हक्कसोड पत्र करावे लागेल. ह्यांना मसुदा लिहिता येत नाही आणि तपासून द्यायला मी नसेन.

ह्यांच्यावरचा माझा राग आहे तसा आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर नेते. माणूस मात्र मला उपाशी ठेवायचा नाही.

ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुभेदार ढेरे यांनी करावी. निरोप त्यांनी बिघडवला होता, त्यांनीच नीट करावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्या वेळी ह्यांना कोथिंबीर आणायला पाठवले होते.

ठिकाण: वैशाली, गाझियाबाद
रविवार, १७ नोव्हेंबर २०१३

(सही) सुनंदा श्रीरंग नाबर

साक्षीदार
१. (सही) डॉ. अलका बर्वे. लिहून देणार शुद्धीवर आहेत. माझ्यापेक्षा जास्त.
२. (सही) सुभेदार कृष्णात मारुतराव ढेरे, निवृत्त. वाचून घेतलं. वैनी, ह्या टायमाला 'सोडलं' हा शब्द तोंडातून काढत न्हाई. 'वैनींनी वाढलंय, जेवा' एवढंच सांगतो.