बाहेरची कड

मुलुंड, शनिवार, संध्याकाळ

टायर बघायला गेले आणि भलतंच डोक्यात घेऊन आले.

माझी लाल टू-सीटर कार आठवड्यातून एकदाच निघते, रविवारी सकाळी. वळणं मी इतकी हळू घेते की मागचे रिक्षावाले वैतागतात. मग पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड गुळगुळीत कशी? टायरवाल्या काकांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला. "मॅडम, गाडी कोण पळवतं?"

"मीच. रविवारी."

"ही कड जोरात घेतलेल्या वळणांनी गेलीय." आणि वर हसले!

चाकांची अलाइनमेंट तपासली, एकदम बरोबर. मग? दुसरी चावी फक्त बाबांकडे. पण ते तर बॅटरी उतरू नये म्हणून गाडी खाली नुसती सुरू करून ठेवतात. तीस वर्षं बस चालवली, कधी साधा ओरखडा नाही. छे, काहीतरीच. पण ती कड...

काका म्हणाले, कडक रबर पुष्कळ टिकतं. मऊ लवकर झिजतं, पण रस्ता घट्ट धरतं. माझ्यासारखीला कडकच बरं ना?

घरी चहा घेताना बाबांना सहज विचारलं, कुठले घेऊ?

पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मऊच घे गं. येऊरच्या वळणांवर कडक घसरतात."

येऊरच्या डोंगरावर मी आजवर ही गाडी नेलेली नाही.

काकांना फोन करून मऊ सांगितले. उद्या टायर बसले की चावी बाबांच्या हातात देणार आणि मी शेजारी बसणार. बघायचंच आहे मला.