लाल ठिगळाची वाकळ

रिठद, मंगळवार, दिवेलागण

युद्धातून जीव वाचवून दिल्लीत आलेल्या कुटुंबांसाठी पांघरुणं न्यायला आज वाशीमहून एका संस्थेची गाडी आली. मी वाकळ दिली. यांच्या धोतरांची, यांच्यामागे मीच शिवलेली. यांच्या विडीनं पडलेल्या भोकावर लाल ठिगळ.

जाऊबाई ओरडल्या, "मेल्या माणसाचं धोतर परक्या लेकरावर कायले घालतं वं?"

"मी सात वर्षं त्यातच झोपली. मले काय झालं?"

संस्थेच्या मुलीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्यायच्याही घरची माणसं गेली, मावशी. द्या."

देण्याआधी वाटलं, निदान ठिगळ उसवून यांची आठवण म्हणून जवळ ठेवायचं का? कात्री घेतलीही होती. पण मग त्या भोकातून कोणाला तरी गार वारा लागला असता.