केक कुणाच्या नावाचा

ईडन प्रेरी,
२८ एप्रिल २०२४

आदरणीय अण्णांस,
सविनय नमस्कार.

आम्ही तिघं इथे ठीक आहोत. आईच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला का, ते कळवा. इथला बर्फ गेला, पण अंगणातलं गवत अजून पिवळंच आहे. अनिकाचा पुढचा दात पडला. आयुषचं काम नेहमीचंच, फक्त त्याचा मॅनेजर आता सत्यजित झाला आहे, आमच्या मराठी ग्रुपमधला.

तुम्ही म्हणाल, रोज फोनवर बोलतो तर हिला पत्र लिहायचं कुठून सुचलं. फोनवर तुम्ही फार खुशीत असता आणि माझी जीभ रेटत नाही. परवा तुम्ही जयंतीचा फोटो मागितलात, विहाराच्या फलकावर लावायला. तो मी पाठवणार नाही. का, ते सांगायला लिहिते आहे.

आम्ही चार मराठी घरं महिन्यातल्या एका रविवारी एका इटालियन हॉटेलात जातो. इटली तिथे नावालाच. गावोगाव त्याच्या शाखा, सगळीकडे त्याच खुर्च्या आणि तेच दिवे. सॅलड आणि लसूण लावलेले लांबट ब्रेड मागाल तितके मिळतात, आणि पास्त्यावर तुम्ही बस म्हणेपर्यंत चीज किसत राहतात. आपली माणसं लवकर बस म्हणत नाहीत. कुणाचा वाढदिवस असला की वेटर मंडळी मेणबत्ती लावलेला केक घेऊन येतात, टाळ्या वाजवून गाणं म्हणतात, आणि केक फुकट. त्यामुळे आमच्यात दर महिन्याला कुणाचा तरी वाढदिवस असतोच. सत्यजितचे गेल्या वर्षी तीन झाले. मुलांना याची भारी मजा वाटते.

या वेळचा रविवार चौदा एप्रिलला आला. ग्रुपमध्ये मी काही बोलले नाही. सकाळी घरात फोटोला हार घातला, वंदना घेतली, खीर केली, आणि संध्याकाळी छान साडी नेसून निघाले.

आज वाढदिवस कुणाचा सांगायचा, याची टेबलावर चर्चा चालली होती. तेवढ्यात अनिकाने वेट्रेसच्या कानात काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने चार जण केक घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, "हू इज बाबासाहेब?"

सत्यजित हसला. "हा कोण नवीन मेंबर, यार?"

"इट्स हिज बर्थडे टुडे," अनिका म्हणाली. "मम्मा मेड खीर."

सत्यजितची बायको ज्ञानदा माझ्याकडे बघत होती. "उपासना, काय म्हणतेय गं ही?"

ज्ञानदा वाईट नाही, अण्णा. मी आजारी होते तेव्हा आठवडाभर तिने डबे पोचवले. पण याच टेबलावर ब्रेड मोडता मोडता ती एकदा तिच्या ऑफिसातल्या मुलाबद्दल म्हणाली होती, "कोट्यातला असणार, आडनावावरूनच कळतं. आता इथेही पोचले." आमच्या जाधव आडनावावरून काही कळत नाही. "कुठले जाधव?" असं कुणी विचारलं की मी "लातूरकडचे" एवढंच सांगते. ज्ञानदा ते बोलली त्या दिवशीही मी गुपचूप आणखी एक ब्रेड घेतला होता.

"अगं, ती आजोबांना बाबासाहेब म्हणते," मी म्हटलं. "माझ्या वडिलांचा वाढदिवस आहे."

आयुषने मान खाली घातली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, तुमच्या नावाने गाणं म्हटलं, सत्यजितने फोटो काढला. तोच हा फोटो. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, एकटी अनिका माझ्याकडे.

परतताना गाडीत तिने विचारलं, "मम्मा, डिड आय से अ बॅड वर्ड?" मी रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. मिरवणुकीत घोषणा देऊन तुमचा घसा बसलेला. जयंती कशी केली, विचारलंत. मी म्हटलं, हॉटेलात केक कापला, तिथल्या लोकांनी गाणं म्हटलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. आणि तुम्ही ते विहारात सगळ्यांना सांगून आलात.

आणखी एक सांगायचं आहे. टेलिफोन खात्यात तुमचा जन्म गेला. फोन लागला की तुमचा पहिला शब्द 'जय भीम', तोही खराब लाइनीवर बोलावं तितक्या मोठ्याने. ज्ञानदाच्या गाडीत असले की मी तुमचा फोन उचलत नाही. मग मीटिंगमध्ये होते म्हणून सांगते. चारचौघांत उचललाच तर नुसतं "हं, बोला" म्हणते. तुम्हाला कळत असणार, पण तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला याची लाज वाटते. लाज मी एकवेळ पचवलीही असती. पण आता तुमचा फोन आला की अनिका आधी माझ्याकडे बघते, आजूबाजूला कुणी आहे का ते बघते, आणि मग अगदी हळू तुम्हाला जय भीम म्हणते. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. माझ्याकडे बघूनच शिकली. तुमचा घसा घोषणा देऊन बसला होता. सहा वर्षांच्या पोरीचा मी बसवला.

आता अण्णांचा फोन सगळ्यांसमोर उचलून ग्रुपला सांगून टाकते, असं आयुषला म्हटलं. तो सत्यजितच्या हाताखाली आहे, त्याला भीती वाटणारच. मलाही वाटते. डबे बंद होतील, रविवार बंद होतील, त्याच्या कामात खुसपटं निघतील, नाहीतर काहीच होणार नाही. शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी फोन नीट चार्ज करून घे."

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. पुढच्या वेळी आम्ही २६ मेच्या रविवारी जमणार आहोत. आमची संध्याकाळ म्हणजे तुमची सोमवारची पहाट, फिरायला निघायच्या आधीची. तेव्हा मला फोन करा. मी तो ब्रेडच्या टोपलीशेजारी ठेवीन आणि स्पीकर चालू करीन. तुमचा पहिला शब्द नेहमीसारखाच म्हणा. लाइन खराब आहे असं समजा. उत्तर आधी मी देईन, मग अनिका देईल.

वर नुसता नमस्कार लिहिलाय, ते तुम्हाला दिसलंच असेल. हाताला सवय झाली आहे. खोडणार होते, पण राहू दिला.

तुम्हाला, आईला आणि विहारातल्या सगळ्यांना
जय भीम.

तुमची
उपासना