संध्याकाळचा दवाखाना

मंगळवार, दिवेलागण

आज ट्रस्टच्या बैठकीत मी हात वर का केला?

नरसाबाईंनी जन्मभर विड्या वळल्या आणि जाताना राहतं घर गल्लीच्या दवाखान्यासाठी देऊन गेल्या. मृत्युपत्रात अट एकच, दवाखाना संध्याकाळी उघडा. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी माझं स्वतःचं क्लिनिक असतं, मला सकाळीच जमेल." सगळ्यांचे हात वर गेले. माझाही. ते माझे गुडघे फुकट तपासतात, म्हणून? असेलही.

बाहेर पडले तर पायरीवर शेजारची यल्लम्मा बसलेली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

"अक्का, दवाखाना कधी उघडणार?"

"आता सकाळी."

"सकाळी आमी विड्या द्यायला कारखान्यात असतो की. नरसाबाईला म्हाईत होतं."

आणि मला माहीत नव्हतं? माझी आईसुद्धा त्याच कारखान्याच्या रांगेत उभी राहायची.

"मग तुमी काय बोलला बैठकीत?"

"मी? मी काहीच बोलले नाही गं."

तिला ते पटलं. खोटं तरी कुठं होतं? हात वर करायला तोंड उघडावं लागत नाही.